तगरचा गरुड आणि परंड्याचा सिंह : राजचिन्हांतील प्राण्यांच्या उगमाविषयी

राष्ट्रांच्या राजमुद्रांवर आणि क्रीडासंघांच्या बिल्ल्यांवर प्राणी का असतात, या प्रश्नाला सामान्यतः एकच उत्तर दिले जाते : त्या प्राण्याचे शौर्य आपल्या अंगी यावे म्हणून. ऐतिहासिक पुराव्याला हे उत्तर पुरेसे पडत नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघाच्या गणवेशावरील तीन सिंह पहिल्या रिचर्ड राजाच्या ११९८ च्या सुमाराच्या मुद्रेवरून आलेले आहेत. ते खेळाडूंना राजघराण्याच्या वारशाने मिळाले. इंग्लंडच्या अरण्यात तर त्या काळीही सिंह नव्हता. चिन्हाचा उगम प्राण्याच्या स्वभावात शोधावा की ते धारण करणाऱ्याच्या इतिहासात, हा प्रश्न धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील दोन उदाहरणांच्या आधारे प्रस्तुत लेखात तपासला आहे.

पहिले उदाहरण तेरचे. 'पेरिप्लस' व टॉलेमीचा भूगोल यांत उल्लेखिलेले तगर म्हणजे हेच तेर, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादिले. कोकण व कोल्हापूर येथे राज्य करणारे शिलाहार आपल्या लेखांत स्वतःला तगरपुराचे अधीश्वर, जीमूतवाहनाचे वंशज आणि 'सुवर्णगरुडध्वज' म्हणवितात. राज्य ठाण्याला अथवा कोल्हापूरला, अभिमान मात्र तेरचा. त्यांच्या ताम्रपटांच्या मुद्रांवरही गरुडच आहे. आता जीमूतवाहनाची कथा पाहावी. शंखचूड नावाच्या नागाचे प्राण वाचविण्यासाठी हा विद्याधर राजपुत्र वध्यशिलेवर स्वतः जाऊन बसला आणि गरुडाने त्याला चोचीने फाडले. हर्षाच्या 'नागानंद' नाटकाचा हाच विषय. 'शिलाहार' या नावाचा संबंधही शिलेवरील या आहाराशी जोडला जातो. म्हणजे ज्याने मूळपुरुषाचे लचके तोडले, तोच पक्षी वंशजांनी ध्वजावर मिरविला! कथेच्या अखेरीस गरुडाला पश्चात्ताप होतो हे खरे. तरीही शौर्याच्या अनुकरणाचा सिद्धान्त येथे टिकत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते चिन्ह आधी आले असावे आणि कथा मागाहून. शिलाहार हे प्रारंभी राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. राष्ट्रकूटांच्या मुद्रांवर गरुड आढळतो आणि तेही लट्टलूरचे, म्हणजे शेजारच्या लातूरचे, अधीश्वर म्हणवीत. मूळ नगराचे बिरुद आणि गरुड हा जोड सौंदत्तीच्या रट्टांकडेही दिसतो. सार्वभौम घराण्याची ही रीत मांडलिकांनी उचलली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. (जाता जाता नमूद करावेसे वाटते, की कोरीव लेखांतील 'लांछन' या शब्दाचा अर्थ राजचिन्ह असा आहे, आज तोच शब्द कलंकाला वापरला जातो.)

दुसरे उदाहरण परंड्याच्या किल्ल्यातील. 'मुलूखमैदान' ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे निजामशाहीसाठी मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. वजन सुमारे ५५ टन. तिचे तोंड जबडा वासलेल्या सिंहाचे असून त्याच्या दाढांत हत्ती चिरडला जात आहे. ही तोफ परंड्यास होती. १६३२ मध्ये आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली. तेथे ती ज्या बुरुजावर आहे, त्याचे नाव शेर्झा, म्हणजे सिंहाचाच. १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानेही तिच्यावर आपला लेख कोरविला. तीन सत्ता झाल्या, सिंह एकच राहिला. त्याच्या दाढेतील हत्ती कोण, याचे उत्तर मात्र प्रत्येक धन्यागणिक बदलणार.

दख्खनच्या किल्ल्यांवर हत्तींना पंजांत धरलेला शरभ दिसला, की हत्ती म्हणजे अमुक शत्रू असे ठामपणे सांगण्याची प्रथा पडली आहे. सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांना तेच सांगितले जाते आणि पुढे तेच पुस्तकांतही उतरते. परंतु हे शिल्प सुलतानांच्या दरवाजांवर आहे आणि रायगडावरही आहे. दरवाजा कोणी व केव्हा बांधला हे निश्चित केल्याविना त्याचा अर्थ लावणे धाडसाचे होय. दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचे स्प्रिंगबॉक हरीण कृष्णवर्णीयांना वर्णद्वेषी राजवटीची खूण वाटत असे. १९९५ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यास नेल्सन मंडेला तेच चिन्ह असलेला सदरा घालून आले. हरणात काहीच बदल झाला नव्हता.

आपल्या राष्ट्रचिन्हाची कथाही याहून वेगळी नाही. २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेले सिंह सारनाथच्या अशोकस्तंभावरील आहेत. मूळ स्तंभावर त्या चार सिंहांच्या माथ्यावर एक मोठे धर्मचक्र होते, त्याचे अवशेष उत्खननात सापडले. सिंह चक्राचे वाहक होते. प्रजासत्ताकाच्या मुद्रेत ते चक्र माथ्यावर नाही. सिंहांच्या पायांखालच्या पट्टीवरील लहान चक्र तेवढे आहे, डावी-उजवीकडे घोडा आणि बैल.