तळटीप : जव्हारकडील पाहुणचाराचे ताट

* जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, तरी सुमारे दीड हजार फुटांवरील तेथील थंड हवेची ख्याती कायम राहिली. आणि आरोग्यार्थ हवापालटास आलेला शहरवासी जव्हार-मोखाड्यातील वारली, कोकणा वा महादेव कोळी कुटुंबात जेवावयास बसला, की नागलीची भाकरी, वरईचा भात, उडदाचे कालवण व खुरासणीची चटणी, असे त्या घरचे नित्याचेच अन्न त्याच्यापुढे येते. मूळ लेखकाने या अन्नास ‘साधे’ म्हटले आहे, ते आम्हांस मान्य नाही. पावसाच्या आरंभी उगवणारे शेवळच पाहा : वरचे साल सोलून, आतला खाजरा पिवळा भाग काढून, उरलेला कोंब काकडाच्या आंबट फळांच्या रसात गृहिणीने नीट शिजविला नाही, तर खाणाऱ्याचा घसा धरतो, एवढे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावाचून येत नाही. याच मुलखात, वावर-वांगणी येथे, १९९२-९३ साली कुपोषणाने बालके दगावली, हे स्मरून वाचकाने अशा ताटाचे पुरते दाम, घासाघीस न करता, रांधणाऱ्या घराच्याच हाती द्यावे. — संपादक