फिनिश हॉलमधील रविवार
१९७८ साली सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात जिम हॉर्टन, जॉन बिशफ आणि रिच गोल्ड यांनी ‘लीग ऑफ ऑटोमॅटिक म्युझिक कंपोझर्स’ हा गट उभा केला, तेव्हा संगणकसंगीत प्रामुख्याने विद्यापीठांतील मोठ्या यंत्रांवर घडवले जाई. या गटाचे वाद्य म्हणजे केआयएम-१ हा एकपटली संगणक: उघडे सर्किट, जेमतेम एक किलोबाइट स्मृती, षोडशमान पद्धतीची, म्हणजे सोळा अंकचिन्हांची, बटणे आणि सहा लाल आकड्यांची पट्टी. ही यंत्रे तारांनी एकमेकांना जोडलेली असत. एकाच्या स्वराची माहिती दुसऱ्याकडे जाई आणि ते आपले वादन त्यानुसार बदली, त्यामुळे निघालेले संगीत कोणा एकाची रचना म्हणणे अवघडच. १९७९ च्या वसंतापासून बर्कलीतील फिनिश हॉलमध्ये एक रविवार आड दुपारी ही जुळणी मांडली जाऊ लागली. मांडामांडीतच काही तास जात, मग तास-दोन तास ते जाळे आपले आपण वाजे, संगीतकार मधूनच एखादी खटपट करीत, आणि श्रोते वाटेल तेव्हा येत-जात, शंका विचारीत. मैफलीपेक्षा कारागिराच्या उघड्या दुकानाशीच याचे साम्य अधिक. हॉर्टन यांच्या संधिवातामुळे १९८३ मध्ये गट थांबला. बिशफ आणि नंतर आलेले टिम पर्किस यांनी जाळ्याची कल्पना ‘द हब’ या गटात पुढे नेली.