शब्दांची वाटणी

इंग्रजी शिकू लागलेल्या आपल्याकडील विद्यार्थ्याला पहिली अडचण येते ती व्याकरणाची, आणि ती चार-सहा वर्षांत ओसरते. दुसरी मात्र जन्मभर त्याची सोबत करते, आणि ती म्हणजे कोशात एकाच अर्थाचे म्हणून शेजारी-शेजारी बसविलेल्या शब्दांतून नेमका कोणता उचलावा ही. 'किंग्ली', 'रॉयल' आणि 'रीगल' या तिन्हींपुढे 'राजेशाही' एवढेच लिहून मोकळे होता येते. परंतु इंग्लंडच्या आरमाराला 'रॉयल' म्हणतात, 'किंग्ली' कोणी म्हणत नाही, आणि एखाद्या वृद्धेचे भारदस्त चालणे 'रीगल' ठरते, 'रॉयल' ठरत नाही, याचे कारण व्याकरणाच्या कोणत्याही नियमात सापडत नाही. ते त्या देशाच्या इतिहासात आहे. यांतला पहिला शब्द भूमिपुत्रांचा, दुसरा फ्रेंच बोलणाऱ्या जेत्यांचा आणि तिसरा लॅटिन पढलेल्या पंडितांचा. आणि तिघांनाही एकाच भाषेच्या वाड्यात नांदावयाचे असल्यामुळे त्यांच्यात जी वाटणी झाली, तीच आज आपल्याला अर्थभेद म्हणून शिकावी लागते.

वाटणी झाली नाही तर काय होते, याचे एक हृद्य उदाहरण इंग्लंडात छपाईची कला आणणाऱ्या विल्यम कॅक्स्टनने १४९० साली एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवले आहे. थेम्स नदीतून झीलंडकडे निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे किनाऱ्यावर उतरले, आणि त्यांच्यातील एकाने एका घरी जाऊन खावयास अंडी मागितली. त्याने वापरलेला शब्द 'एग्ज' हा उत्तरेकडील, स्कँडिनेव्हियातून आलेल्या नॉर्स लोकांनी आणलेला. त्या गृहिणीच्या गावी अंड्यांना 'एयरेन' म्हणत. आपल्याला फ्रेंच येत नाही असे तिने सांगताच तो व्यापारी रागावला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. अखेर दुसऱ्याने 'एयरेन' म्हटले तेव्हा कोठे तिला उमज पडला. एका वस्तूला दोन नावे, आणि दोन्हींत तिळमात्र भेद नाही, अशी ती स्थिती होती. ती टिकली नाही, 'एग' उरला आणि 'एयरेन' नामशेष झाला. उलट, एकाच मूळ शब्दाची 'शर्ट' आणि 'स्कर्ट' ही दोन रूपे, एक देशी आणि एक नॉर्स, आजही सुखाने नांदत आहेत, कारण एकाने कमरेवरचे वस्त्र घेतले आणि दुसऱ्याने कमरेखालचे.

१०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने हेस्टिंग्जच्या रणांगणावर इंग्रजांचा पराभव केला, आणि त्यानंतर जवळजवळ तीन शतके दरबार, न्यायालय आणि सरदारांचे वाडे यांत फ्रेंचचा अंमल राहिला, तर शेत, गोठा आणि चूल यांची भाषा इंग्रजीच राहिली. गोठ्यातले जनावर 'ऑक्स' किंवा 'शीप', आणि धन्याच्या पानातले त्याचेच मांस 'बीफ' किंवा 'मटन', हा भेद वॉल्टर स्कॉट याने १८१९ साली 'आयव्हॅनहो' कादंबरीत एका विदूषकाच्या तोंडी घातल्यापासून सर्वतोमुखी झाला आहे. त्या संवादात तथ्य आहे. परंतु वाटणी एका दिवसात झाली असे त्यावरून वाटते, तसे मात्र घडले नाही. जेत्यांचे हे शब्द इंग्रजीत रुजल्यावरही कित्येक शतके जिवंत जनावरांना लावले जात होते, आणि पानाची व गोठ्याची सीमा पुढे कितीतरी पिढ्यांच्या वहिवाटीने पक्की झाली. जेत्याने शब्द आणला हे खरे, पण त्याला त्याचा हिस्सा नेमून दिला तो रयतेने.

या वाटणीचे सर्वात बोलके दफ्तर म्हणजे इंग्रजी कायद्याचे दस्तऐवज. फिर्यादी-प्रतिवादींचे म्हणणे इंग्रजीतून चालावे असा कायदा १३६२ साली झाला, तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. आणि न्यायालयातील लॅटिन व फ्रेंच यांना कायमची रजा मिळण्यास १७३१ चा कायदा आणि त्याचा अंमल सुरू झाला ते १७३३ साल उजाडावे लागले. या दीर्घ संधिकाळात दस्तऐवज लिहिणाऱ्या कारकुनांनी देशी आणि परकी शब्द जोडीने लिहिण्याचा प्रघात पाडला: 'विल अँड टेस्टामेंट', 'गुड्स अँड चॅटल्स', 'ब्रेकिंग अँड एंटरिंग', 'फिट अँड प्रॉपर'. यांतल्या कित्येक जोड्यांत एका शब्दाने भागले असते. परंतु कोणाची मालमत्ता शब्दाच्या फटीतून निसटू नये ही धास्ती त्यांच्यामागे होती. जुन्या ग्रंथांत तर 'विल' स्थावराचे आणि 'टेस्टामेंट' चीजवस्तूंचे असा भेदही सांगितलेला आढळतो. पुढे तो भेद पुसला गेला, जोडी मात्र राहिली.

विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळात लॅटिनचा तिसरा थर चढला, आणि वाटेकरी तीन झाले. शेजाऱ्याला वाट विचारताना 'आस्क', साक्षीदाराला प्रश्न करताना 'क्वेश्चन' आणि कोठडीतल्या संशयिताची कसून चौकशी करताना 'इन्टरॉगेट': शब्द जसजसा घरापासून दूरचा, तसतसा त्याचा स्वर थंड आणि सरकारी.

ही वाटणी कागदावर उतरविण्याचा उद्योग मात्र फ्रान्समध्ये सुरू झाला. आबे जिरार याने १७१८ साली फ्रेंच शब्दांचे सूक्ष्म भेद सांगणारा ग्रंथ लिहिला. त्याच्याच आधाराने जॉन ट्रस्लर याने १७६६ साली इंग्रजीत तसा प्रयत्न केला. डॉ. जॉन्सनच्या स्नेहमंडळातील हेस्टर पिओझी या विदुषीने १७९४ साली 'ब्रिटिश सिनॉनिमी'चे दोन खंड प्रसिद्ध केले. परकीयांना नित्याच्या संभाषणात योग्य शब्द सापडावा हा तिचा हेतू होता, आणि तिचा पती स्वतः इटालियन असल्यामुळे ती गरज तिने घरातच पाहिलेली होती. १८१६ साली आलेला जॉर्ज क्रॅबचा कोश शतकभराहून अधिक काळ अभ्यासकांच्या हाताशी राहिला. १८५२ साली पीटर मार्क रॉजे या वैद्याने शब्दांची एक हजार शीर्षकांखाली मांडणी केली, पण भेद सांगण्याचे काम त्याने वाचकाच्या जाणकारीवर सोपविले. मला यांतल्या सर्वांपेक्षा कवी कोलरिजचा विचार अधिक मोलाचा वाटतो. समाज प्रगत होतो तसतसा तो समानार्थी शब्दांना एकमेकांपासून अलग करीत जातो, असे त्याने १८१७ साली मांडले, आणि 'फॅन्सी' व 'इमॅजिनेशन' हे एकच मानले जाणारे शब्द स्वतः अलग करून दाखविले. पुढे १८९७ साली मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताने या प्रवृत्तीला जे नाव दिले, त्याचा मराठी अर्थ 'वाटणी' असाच होतो.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. 'कागदपत्र', 'धनदौलत', 'रीतिरिवाज', 'बाजारहाट' हे आपले जोडशब्द 'विल अँड टेस्टामेंट'चे सख्खे भाऊ आहेत. त्यांचा एक अवयव आपल्या घरचा आणि दुसरा फारसी अंमलाबरोबर आलेला आहे. पिण्याचे 'पाणी', पूजेतले 'जल' आणि संकल्प करून सोडावयाचे 'उदक' यांची आपण कधी गल्लत करीत नाही. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला व मेजर कँडी यांनी पूर्णत्वास नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली मुंबईत निघाला, तेव्हापासून आपण इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द शोधीत आलो. तो शोधताना मूळ शब्द कोणत्या घरातून आला आणि त्याच्या वाट्याला काय आले, हेही पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. कोशकार वाटणीची नोंद करतो, ती पाळणे बोलणाऱ्याच्या हाती असते. ज्या दिवशी 'पाणी' आणि 'उदक' कोठेही कसेही चालतील, त्या दिवशी त्यांतल्या एकाची गत 'एयरेन'सारखी होईल.