घरात समुद्र

मिठागरातले मीठ पाण्यात घातले, की पुन्हा समुद्र तयार होईल का? आपण चटकन 'हो' म्हणाल. पण समुद्रातल्या जिवाला ते पटायचे नाही. पाणी आटताना चुन्याचे क्षार आधी खाली बसतात, मग मीठ. मॅग्नेशियम मात्र उरलेल्या कडू पाण्याबरोबर निघून जाते.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यालय उघडले. समुद्राचे पाणी तिथे दुरून आणावे लागे. त्यावर तोड म्हणून फिलिप हेन्री गॉस या निसर्गाच्या अभ्यासकाने १८५४ साली ब्रायटनच्या पाण्याचे पृथक्करण पाहून चार क्षार निवडले: मीठ, एप्सम सॉल्ट, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियमची क्लोराइडे. त्या पाण्यात त्याचे प्राणी जगले. मोठीच गोष्ट म्हणायची! पण कॅल्शियमचे क्षार त्याने वगळले होते, आणि प्रवाळ तर आपले घरच त्यांतून बांधते.

पुढे १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभर फिरून पाण्याचे नमुने आणले. त्यांतले ७७ डिटमारने तपासले, आणि १८८४ साली दाखवून दिले की खारटपणा कमीजास्त असो, मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखेच.

तेव्हा प्रवाळाच्या टाकीसाठी मिश्रण घ्यायचे, तर वेष्टनावरच्या चित्राला भुलू नका. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असताना कॅल्शियम ४०० आणि मॅग्नेशियम १३०० मिलिग्रॅमच्या आसपास भरते का, ते पाहा. आणि पाणी शुद्ध केलेलेच घ्या. विहिरीच्या पाण्यात आधीच काय काय विरघळलेले असते, ते आपल्याला कुठे ठाऊक असते!