गळाचा दोरा

कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणे. सगळा मान गरीचा. दोऱ्याचं नाव कुठेच नाही. पण लाटा फुटतात तिथे उभं राहून पलीकडच्या पाण्यात आमिष फेकायचं, तर खरा प्रश्न दोऱ्याचाच असतो. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हा छंद दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याच्या साधनांचा इतिहास पाहिला, की ही गोष्ट लख्ख दिसते.

१८६४ साली मॅसॅच्युसेट्सच्या कटीहंक बेटावर न्यूयॉर्कच्या काही धनिकांनी मासेमारीचा क्लब काढला. सावज एकच: स्ट्राइप्ड बास, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत काळे पट्टे असलेला दांडगा मासा. खडकांवरून थेट लाटांवर लाकडी मचाणं बांधली होती आणि कुणी कुठल्या मचाणावर बसायचं, याच्या चिठ्ठ्या टाकल्या जात. आमिष लॉबस्टरच्या शेपटीचं! (आज ते माशापेक्षा महाग पडेल.) एवढा खटाटोप अशासाठी, की फेक बेताचीच जाई, मग माणसालाच पुढे न्यावं लागे.

दोरा जवसाच्या धाग्यांचा, पीळ दिलेला. पुढे त्याला ‘कटीहंक’ हेच नाव पडलं. हा दोरा भिजला की अधिक मजबूत होई. पण ओलाच गुंडाळून ठेवला तर कुजे. म्हणून मासेमारी आटोपली, की तो गोड्या पाण्यात धुऊन, चौकटीवर पसरून वाळवायचा. मासा धरण्याइतकंच हे दोरा सांभाळणंही त्या छंदाचा भाग होतं.

दोरा गुंडाळायचं रीळ केंटकीच्या घड्याळजींनी विकसित केलेल्या धर्तीचं. हँडलचा एक फेरा दिला, की रीळ अनेक फेरे घेई. मात्र फेकताना तेच भरधाव उलटं फिरे. आमिष पाण्यात पडलं तरी ते फिरतच राहिलं, तर दोऱ्याचा असा गुंता होई, की सोडवता सोडवता भरती ओसरावी. त्याला आवर घालणारी एकच गोष्ट, माणसाचा अंगठा. मोठा मासा पळाला, की हँडल उलटं गरगरून बोटांची पेरं फोडी आणि ब्रेक म्हणून असे फक्त अंगठ्याने दाबायचा चामड्याचा तुकडा. १९१३च्या सुमारास विल्यम बोशन याच्या कल्पनेवरून ज्यूलियस व्होम होफ या कारागिराने रिळाच्या आतच घर्षणाचा ब्रेक बसवला, तेव्हा बोटं वाचली. फेकताना मात्र अंगठा लागेच.

अंगठ्याची सुटका करणारी युक्ती त्याआधीच निघाली होती, तीही कापडधंद्यातून. १९०५ साली इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या गिरणीमालकाने न फिरणाऱ्या रिळाचं पेटंट घेतलं. बॉबिन स्थिर, धागा तिच्या टोकावरून सरसर निसटतो. आपल्या गिरणगावातल्या कामगाराला हे समजावून सांगावं लागलं नसतं. तरीही समुद्रावर ही युक्ती पुष्कळ वर्षं रुळली नाही, कारण तिला हवा होता बारीक आणि गुळगुळीत दोरा. जाड, पिळाचा जवस तिथे कुचकामी.

तसा दोरा रसायनशाळेतून आला. ड्यू पाँटने १९३८ साली नायलॉन जाहीर केलं. सुरुवातीचा एकेरी नायलॉन दोरा तारेसारखा ताठ होता, रिळावरून उसळून बाहेर येई. १९५०च्या दशकाअखेर तो मऊ झाला आणि इलिंगवर्थचं रीळ हौशी माणसाच्या हाती पोचलं. वाळवणं संपलं, गुंता आटोक्यात आला. वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगठ्यात मुरणारं कसब नवख्याला आता नसलं तरी चालू लागलं. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोठी उडी हीच.

काठीची गोष्ट लवकर आटोपते. बांबूच्या चिरफळ्या चिकटवून केलेल्या काठ्या होत्या. १९५०मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि टोंकिन बांबू मिळेनासा झाला. तोवर काचतंतूंची काठी आलीच होती. १९७०च्या दशकात कार्बन तंतू आले.

आणि मासा? १९७३ साली अटलांटिक किनाऱ्यावर या माशाची व्यापारी पकड सुमारे दीड कोटी पौंड होती. दहा वर्षांत ती पस्तीस लाखांवर आली. याला एकटे गळवाले जबाबदार नव्हते. जाळी होती, चेसापीक उपसागरातली बिघडलेली विणीची ठिकाणंही होती. पण १९१३ साली कटीहंकजवळ मिळालेल्या ७३ पौंडी माशाहूनही मोठा, ७८ पौंड ८ औंसांचा मासा गळाला लागला तो नेमका या पडत्या काळात, १९८२ साली, न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीच्या धक्क्यावरून. म्हातारे मासे अजून होते. पिल्लं पुरेशी येत नव्हती. १९८४ साली संरक्षणाचा कायदा झाला, १९८५पासून मेरीलँडने पाच वर्षं हा मासा धरण्यावर संपूर्ण बंदी घातली. १९९५ साली मासा सावरल्याचं जाहीर झालं.

त्याच दशकात पॉलिइथिलीनचा विणलेला दोरा आला. तो नायलॉनपेक्षा कितीतरी बारीक आणि जवळजवळ न ताणणारा. शंभर मीटरवर माशाने आमिषाला तोंड लावलं, तरी बोटाला कळतं. फेकताना तो बोट कापतो, म्हणून बोटावर संरक्षक टोपी आली. २०१९ साली हाच मासा पुन्हा संकटात असल्याचा अहवाल आला.

२०२१पासून तिथे या माशासाठी आमिष लावायचं तर गोल गळच वापरावा, असा नियम आहे. टोक आत वळलेला हा आकार पॅसिफिक बेटांवरचे लोक हाडा-शिंपल्यांतून पूर्वापार घडवत आले आहेत. मासा आमिष गिळतो, पण हा गळ घशात न रुतता सरकत येऊन ओठाच्या कोपऱ्यात अडकतो, आणि सोडलेला मासा बहुधा जगतो. अट एकच: हिसका द्यायचा नाही, नुसता सावकाश दोरा गुंडाळायचा.