उघडं तोंड आणि जिभेची तालीम



मी एका खेडेगावच्या शाळेत मास्तर होतो, त्या वेळची गोष्ट आधी सांगतो. तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर एक पोरगा बसे. तोंड सदा उघडं, डोळे पेंगुळलेले. काही विचारलं की दोनदा सांगावं लागे. “अरे, तोंड मीट, माशी जाईल!” असं म्हणून मी त्याला टपली मारी आणि सारा वर्ग हसे. मठ्ठ म्हणून त्याचं नाव पडलं, ते माझ्यामुळंच. पुढे दोन वर्षांनी तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. नाकाच्या मागच्या बाजूला गाठी वाढल्यामुळं पोराला नाकानं श्वासच घेता येत नव्हता. कान त्यानंच जड झाले होते, आणि रात्रीची झोपही पुरी होत नव्हती. मी ज्याला आळस म्हणत होतो, तो आजार होता. त्या टपलीची आठवण मला अजून बोचते.

म्हणूनच आज मी आपणांला एका साध्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. ओठ, जीभ, गाल आणि टाळू यांच्या स्नायूंना वळण लावलं, तर श्वास सुधारतो का, हा प्रश्न माणसानं केव्हा विचारला आणि त्याचं उत्तर कसं शोधलं, त्याचा हा इतिहास.

याची सुरुवात केली एका चित्रकारानं. अमेरिकेतला जॉर्ज कॅटलिन हा मूळचा वकील. वकिली सोडून तो चित्रं काढू लागला आणि १८३०नंतरच्या काही वर्षांत मिसुरी नदीच्या बाजूनं तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांतून हिंडला. त्यानं त्यांची शेकडो चित्रं काढली. माणसाचा चेहरा निरखणं हाच त्याचा धंदा. त्यामुळं एक गोष्ट त्याच्या नजरेत भरली. या लोकांच्या आया तान्ह्या मुलाला निजवताना त्याचे ओठ बोटांनी हलकेच मिटवीत. मोठी माणसंही तोंड मिटून झोपत. कॅटलिनला स्वतःला तोंड उघडं टाकून झोपायची खोड होती. ती त्यानं निग्रहानं मोडली आणि आपली प्रकृती सुधारली असं त्याला वाटलं. १८६२च्या सुमारास त्यानं या विषयावर एक पुस्तक लिहिलं. पुढच्या आवृत्तीला तर त्यानं ‘तोंड मीट’ अशा अर्थाचंच नाव दिलं. कॅटलिन काही वैद्य नव्हता. उत्साहाच्या भरात त्यानं पुष्कळ आजारांचं खापर उघड्या तोंडावर फोडलं आणि ते सगळंच काही खरं ठरलं नाही. पण झोपेत श्वास कोणत्या वाटेनं जातो याला महत्त्व आहे, हे त्यानं लोकांना बजावलं.

मात्र “तोंड मीट” म्हणणं सोपं आहे. ज्याचं नाकच बंद, त्यानं काय करावं? याचं उत्तर डेन्मार्कमध्ये मिळालं. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर यांनी ऐकू कमी येणाऱ्या रुग्णांच्या पडजिभेमागून बोट वर घालून पाहिलं, तेव्हा तिथं मऊ मांसल गाठी हाताला लागल्या. १८६८ साली त्यांनी ही माहिती प्रसिद्ध केली. आज आपण या गाठींना ‘अ‍ॅडिनॉइड’ म्हणतो. त्या वाढल्या की मूल तोंडानं श्वास घेतं, कानात दडे बसतात, आवाज कोंदटतो. कितीतरी ‘मठ्ठ’ पोरं खरोखर मठ्ठ नव्हती, हे त्या दिवसापासून कळू लागलं. मेयर यांच्या मृत्यूनंतर कोपनहेगनमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला.

आता वाट मोकळी झाली तरी खोड जातेच असं नाही. वर्षानुवर्षं खाली पडून राहिलेली जीभ आपण होऊन वर जात नाही, सैल पडलेले ओठ आपण होऊन मिटत नाहीत. इथं पुढं आले दातांचे डॉक्टर. बॉस्टनच्या आल्फ्रेड रॉजर्स यांनी १९१८ साली एक निबंध लिहिला. वाकडे दात तारेनं सरळ करता येतात. पण ओठ, गाल आणि जीभ रात्रंदिवस त्यांना ढकलीत असतात, त्याचं काय? रॉजर्स म्हणाले, की चेहऱ्याच्या स्नायूंना कसरत द्या. म्हणजे तेच स्नायू जिवंत तारेचं काम करतील. पैलवानाच्या दंडबैठका असतात, तशा या जबड्याच्या आणि ओठांच्या बैठका म्हणा ना!

पुढं १९५०नंतर कॅलिफोर्नियातले दंतवैद्य वॉल्टर स्ट्राउब यांनी गिळताना जीभ दातांवर ढकलण्याच्या सवयीवर बरंच लिहिलं आणि तिच्यासाठी धडे आखले. त्यांचा सगळा दोष बाटलीच्या दुधावर होता. ते मत काही टिकलं नाही. या धड्यांचा उपयोग किती, याचा पुरावा कुठं आहे, असं १९७०नंतरच्या दशकात दंतवैद्य आणि वाचातज्ज्ञ उघड विचारू लागले आणि विद्या मागं पडली. श्रोतेहो, हेही इतिहासात सांगितलं पाहिजे. नुसत्या उत्साहावर विद्या उभी राहत नाही. तिला मोजमाप लागतं.

ते मोजमाप मिळालं झोपेच्या अभ्यासातून. काही माणसं जोरानं घोरतात, मध्येच आवाज बंद होतो, घरच्यांच्या काळजात धस्स होतं, आणि मग एक मोठा हुंदका येऊन श्वास पुन्हा सुरू होतो. असं रात्रीतून अनेकदा घडतं. कारण साधं आहे. आपण जागे असतो तेव्हा जिभेचे स्नायू तिला पुढं धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागं सरकते, घशाच्या मऊ भिंती जवळ येतात आणि वाट अरुंद होते. नाकावर मुखवटा लावून दाबानं हवा सोडणारं यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली लोकांपुढं आणलं. त्यानं असंख्यांना आराम पडला. पण रोज रात्री मुखवटा घालून निजणं सगळ्यांनाच जमत नाही.

आणि इथं गोष्टीला गमतीचं वळण मिळतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्या मूळ रहिवाशांचं एक वाद्य आहे, डिजेरिडू. वाळवीनं आतून पोखरलेल्या निलगिरीच्या लांब खोडाचं ते करतात. ते वाजवताना सूर तुटू द्यायचा नसतो. गालात हवा साठवायची, ती गालांनी बाहेर ढकलायची आणि त्याच क्षणी नाकानं नवा श्वास घ्यायचा. आपले सनईवाले आणि पुंगीवाले गारुडी हेच करतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी जत्रेत पाहिलं असेल. स्वित्झर्लंडमध्ये डिजेरिडू शिकवणाऱ्या एका शिक्षकाच्या ध्यानात आलं, की वाजवायला लागल्यापासून आपलं घोरणं कमी झालं आहे. झुरिचच्या डॉक्टरांनी २५ रुग्ण घेऊन त्याची परीक्षा केली. काहींना चार महिने वाद्य वाजवायला लावलं, बाकीच्यांना नुसतं थांबवून ठेवलं. वाजवणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली, झोपेत श्वास अडण्याचे प्रसंगही घटले. २००६ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला.

तीन वर्षांनी, २००९ साली, ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरातून आणखी पक्का पुरावा आला. वाचातज्ज्ञ कातिया गिमरांइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ रुग्णांपैकी काहींना तीन महिने जीभ, टाळू आणि गाल यांचे व्यायाम दिले. बाकीच्यांना नुसता दीर्घ श्वसनाचा सराव दिला. व्यायाम करणाऱ्यांचा श्वास आधी तासाला सरासरी २२ वेळा अडखळत असे, तो १४ वेळांच्या आसपास आला. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांची बेरीज करण्यात आली, तेव्हा मोठ्या माणसांत हे प्रसंग निम्म्याच्या आसपास कमी झालेले दिसले.

हे व्यायाम आहेत तरी कसले? शिक्षक मंडळींना ते फार परके वाटणार नाहीत. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही वर्णांची स्थानं आपण मुलांना शिकवतो. कोणता वर्ण तोंडात कुठं उमटतो, याचा विचार आपल्या शिक्षाग्रंथांनी फार पूर्वी केला. श्वासाचा आजार त्यांच्या मनात नव्हता. पण तोंडाचा नकाशा त्यांनी नेमका काढून ठेवला. आता ‘न’ म्हणून पाहा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागं टेकतं. तोंड मिटून स्वस्थ बसल्यावर जिभेनं विसावा घ्यायची जागा तीच. व्यायामात जीभ तिथून टाळूवर मागं घासत नेतात, सबंध जीभ टाळूला दाबून धरतात, ‘आ’ म्हणत पडजीभ वर उचलतात, गाल आत ओढतात, आणि दोन्ही बाजूंनी चावून खायची सवय लावतात. खर्च दमडीचा नाही. लागतं ते सातत्य. ब्राझीलच्या रुग्णांनी हे रोज केलं, आठवड्यातून एकदा तज्ज्ञापुढं बसून केलं, आणि तीन महिने केलं. चार दिवस जीभ हलवून सोडून दिली, तर काही व्हायचं नाही.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. नाक चोंदलेलं असताना मुलाचं तोंड बळंच मिटवू नये, पट्टी तर मुळीच लावू नये. आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. वाट मोकळी करावी, मग वळण लावावं, हाच क्रम. दुसरं असं, की झोपेत ज्याचा श्वास अडतो, त्यानं नुसत्या व्यायामावर विसंबू नये. मुखवट्याचं यंत्र दिलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून ते सोडू नये. व्यायाम हा जोडीदार आहे, सगळा भार त्यावर टाकू नये.

शेवटी माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढंच सांगणं आहे. उद्या वर्गात गेलात की मागच्या बाकाकडे एकदा नीट पाहा. ज्याचं तोंड उघडं आहे, जो डुलक्या घेतो, ज्याला दोनदा सांगावं लागतं, त्याला रागावण्याआधी त्याच्या आईला एक प्रश्न विचारा: “बाई, हा रात्री घोरतो का?” माझ्या त्या विद्यार्थ्याच्या आईला हा प्रश्न मी विचारला असता, तर त्याची दोन वर्षं वाचली असती.