मतदारसंघाची रेघ आणि बायकांच्या जागा

राखीव जागा किती, हे सारेच विचारतात. मतदारयादी कोणी लिहिली आणि हद्द कोणी आखली, हे फारसे कोणी विचारीत नाही. मस्टर कोणाच्या हाती आहे हे आधी पाहण्याची आम्हा युनियनवाल्यांना खोड. इतिहासही आम्ही त्याच बाजूने वाचतो.

1935 च्या कायद्याने मुंबई विधानसभेच्या 175 जागांपैकी 6 स्त्रियांना दिल्या आणि 7 मजुरांना. ऐकावयास बरे. पण मत कोणाला? बाईला ते मिळाले मुख्यतः नवऱ्याच्या मालमत्तेमुळे, नाहीतर लिहितावाचता येत असल्यामुळे. 1928 च्या गिरणीसंपात सहा महिने पोट आवळून राहिलेल्या परळच्या बाईजवळ यांतले काय होते? तिच्या नावाने जागा राखली आणि तिलाच यादीबाहेर ठेवले! स्त्रीसंघटनांनी 1931 सालीच राखीव जागा नकोत, प्रौढ मताधिकार द्या, असे बजावले होते. राज्यकर्त्यांनी ते ऐकले नाही.

स्वराज्यात तो मताधिकार मिळाला. घटनासमितीत रेणुका राय यांनीही राखीव जागांना विरोध केला. आता बायका आपल्या बळावर निवडून येतील, हा विश्वास होता. तो फळला नाही. 1974 च्या स्त्रीविषयक समितीने विधिमंडळांत राखीव जागा नकोत असेच म्हटले, पण वीणा मजुमदार आणि लोतिका सरकार यांनी आपले भिन्न मत नोंदवून ठेवले. पंचायतींत 1993 पासून एक-तृतीयांश जागा आल्या. महाराष्ट्राने 2011 साली निम्म्या केल्या.

संसदेपुढे विधेयक 1996 साली आले. 2010 साली राज्यसभेत मंजूर होऊन ते लोकसभेत पडून राहिले. 2023 साली लोकसभेने 454 विरुद्ध 2 मतांनी नवे विधेयक मंजूर केले. पण अट अशी की, आधी जनगणना, तिच्यावरून मतदारसंघांची फेररचना, मग बायकांच्या जागा.

आणि फेररचना ही काही साधी मोजणी नव्हे. राज्यवार जागा 1976 साली 1971 च्या लोकसंख्येवर गोठविल्या, 2001 साली ती मुदत आणखी वाढविली. कारण तमिळनाडू-केरळसारख्या राज्यांनी कुटुंबनियोजन नेटाने केले आणि त्यांचाच वाटा घटण्याची भीती होती. आता ते नियोजन केले कोणी? शस्त्रक्रिया झाल्या त्या बहुतांशी बायकांच्याच पोटावर. त्या कामाचा दंड राज्याला बसावा की नाही, या भांडणाच्या दाव्याला बायकांच्याच जागा बांधल्या गेल्या. 2010 च्या विधेयकात ही गाठ नव्हती.